चौकटीचा दाखला

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके. त्यांची नावं एका यादीत भरायची, कांद्याची गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा तालुका त्यातून निवडायचा आणि तो हिशोबपट्टीवर छापायचा. नव्या प्रोग्रॅमरला पहिल्याच आठवड्यात द्यावं इतकं साधं काम. १९९९ साली एका अडत्याच्या पेढीसाठी मी ते केलं. यादी अकारविल्हे लावली आणि दिंडोरी, निफाड, सिन्नर ही तीन नावं एकाखाली एक येऊन बसली. नकाशात हे तालुके एकमेकांना लागून आहेत, वर्णमालेत नाहीत. पेढीवरचे दिवाणजी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “भाऊ, आमच्या वहीत दिंडोरी ‘द’च्या पानावर आहे. इथं ती कुठं शोधायची?”

त्यांच्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर सोपं होतं. आम्ही वापरत होतो तो फाँट अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवत नव्हता, दिसण्याच्या क्रमाने साठवत होता. पहिली वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून साठवणीतही ती आधी. दिं, नि, सि, तिन्हींचा पहिला बाइट एकच, वेलांटीचा. मग क्रम लावणाऱ्याने त्यांना शेजारी बसवलं यात त्याची चूक काय? पण या उत्तराच्या खाली आणखी एक प्रश्न होता आणि तो मला पुढची कित्येक वर्षं पुरला. ती नावं दाखवणाऱ्या चौकटीला आपण मराठी दाखवतो आहोत हे माहीतच नव्हतं. तिच्या लेखी ते रोमन लिपीसाठी नेमलेले बाइट होते. वरून फाँट देवनागरी चढवला म्हणून ते आपल्याला वाचता येत होते. चौकट म्हणजे काय, तिच्यात काय बसतं, ती किती रुंद असावी, तिच्यातला मजकूर कुठल्या भाषेतला, ही माहिती कुठे लिहिलेली असते? कोण लिहितं आणि ती वाचतं कोण? गेल्या साडेतीन दशकांत या प्रश्नाला जी उत्तरं दिली गेली, त्यांच्याकडे एका मराठी प्रोग्रॅमरच्या नजरेने पाहायचं आहे.

विंडोजच्या परिभाषेत बटण, मजकुराची चौकट, यादी, टिकमार्कचा चौकोन या सगळ्यांना कंट्रोल म्हणतात. काही कंट्रोलं विंडोज स्वतःबरोबर देतं. त्यांनी भागलं नाही की प्रोग्रॅमर आपलं वेगळं बनवतो, ते कस्टम कंट्रोल. आम्हाला ती सारखी लागायची. क्विंटल आणि किलो दोन खणांत घेणारी पण एकच आकडा म्हणून वागणारी चौकट, काट्यावरून आलेलं वजन लांबून दिसेल एवढ्या अक्षरांत दाखवणारी पट्टी, तारखेबरोबर तिथी दाखवणारं कॅलेंडर. असं कंट्रोल एका डीएलएल फाइलीत बांधून ठेवलं की ते कुठल्याही प्रोग्रॅमला वापरता येतं. अडचण पुढे येते. खिडकीची मांडणी करणारा माणूस डायलॉग एडिटर उघडून बसतो, आणि त्या एडिटरला बटण माहीत असतं, यादी माहीत असते, पण आमची क्विंटलची चौकट त्याने जन्मात पाहिलेली नसते. तिची ओळख करून द्यावी लागते.

३२ बिटी विंडोजमध्ये, म्हणजे १९९३ च्या विंडोज एनटीपासून सुरू झालेल्या जगात, या ओळखीसाठी एक ठरलेलं स्ट्रक्चर आहे. त्याचं नाव सीसीइन्फो. स्ट्रक्चर म्हणजे ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या मापाचे रकाने आखलेला अर्ज. त्याच्याआधी १६ बिटी विंडोजमध्येही असा एक अर्ज होता, पण त्यात कंट्रोलच्या उपप्रकारांसाठी १२ खण कायमचे कापून ठेवलेले होते. नव्या अर्जात ही सक्ती गेली. एडिटर आमची डीएलएल उघडतो, तिच्यात एका ठरलेल्या नावाचं फंक्शन शोधतो आणि आधी रिकाम्या हाताने विचारतो, ‘तुझ्याकडे कंट्रोलं किती?’ फंक्शन आकडा सांगतं. तेवढ्या अर्जांची जागा करून एडिटर पुन्हा येतो आणि आता सगळे अर्ज भरून घेतो. पंगतीला माणसं किती ते आधी विचारून मगच पानं मांडावीत, तसा हा व्यवहार. मला तो आजही सुबक वाटतो.

अर्जात काय काय भरायचं? पहिला रकाना कंट्रोलच्या वर्गाच्या नावाचा, ३२ जागांचा. मग एडिटरमध्ये दिसणाऱ्या छोट्या वर्णनाचा, तोही ३२ जागांचा. मग सुरुवातीची रुंदी आणि उंची. मग शैलीचे बिट: चौकट हवी का, आडवी पट्टी हवी का, मजकूर उजवीकडे ढकलायचा का. कंट्रोलमध्ये मजकूरच नसतो असं सांगणारी एक खूण. सुरुवातीच्या मजकुराला २५६ जागा. शैलीच्या एकेका बिटाला वाचता येण्याजोगं नाव देणारा तक्ता. शेवटी दोन फंक्शनांचे पत्ते: एक शैली निवडायची खिडकी उघडणारं, दुसरं मजकुराच्या मानाने कंट्रोल किती रुंद हवं ते मोजून देणारं. त्यानंतर दोन रकाने राखीव. एवढंच. अर्ज एका पानात मावतो आणि नवख्यालाही दुपारभरात भरता येतो.

या यादीत भाषा कुठे आली? सीसीइन्फोमध्ये ती नाहीच. त्याच्या जोडीचं एक धाकटं स्ट्रक्चर आहे, सीसीस्टाइल नावाचं. मांडणी करताना कंट्रोलच्या एका विशिष्ट प्रतीची शैली आणि मजकूर त्यात फिरतो. त्यात मात्र मजकुराच्या पाठोपाठ भाषेच्या क्रमांकाचा रकाना आहे. मराठीचा मूळ भाषाक्रमांक ७८. भारतातली मराठी असं पूर्ण सांगायचं तर ११०२. हिंदीचा पूर्ण क्रमांक १०८१, कोंकणीचा ११११. म्हणजे ज्यांनी हा अर्ज आखला त्यांच्या डोक्यात भाषा होती. पण त्यांनी ती मजकुराचा गुण मानली, कंट्रोलचा नाही. या कंट्रोलला देवनागरी येते की नाही, हे सांगायला कंट्रोलच्या स्वतःच्या दाखल्यात, म्हणजे सीसीइन्फोच्या अर्जात, जागा ठेवली नाही. माझं सगळं म्हणणं या एका उणिवेभोवती फिरतं. भाषेचा रकाना दाखल्यात नसला की भाषा दुसरीकडे कुठेतरी जाऊन बसते, आणि आपल्याकडे ती फाँटच्या नावात जाऊन बसली. त्याची किंमत पुढे पेढीवरच्या दिवाणजींपासून डेटाबेस सांभाळणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी भरली.

हे कसं झालं ते समजायला त्या अर्जाच्या दोन प्रती पाहाव्या लागतात. विंडोजमध्ये मजकुराशी संबंध येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीच्या दोन आवृत्त्या असतात, शेवटी ‘ए’ असलेली आणि शेवटी ‘डब्ल्यू’ असलेली. ‘ए’च्या प्रतीत खण एका बाइटचा आणि त्याचा अर्थ मशीनवर लावलेल्या कोडपेजवर, म्हणजे बाइट-अक्षरांच्या तक्त्यावर, अवलंबून, ‘डब्ल्यू’च्या प्रतीत अक्षर युनिकोडचं, दोन बाइटांच्या खणातलं. फ्रेंच, रशियन, ग्रीक यांना ‘ए’ प्रतीतही घर मिळालं, कारण त्यांची कोडपेजं होती. मराठीला, हिंदीला, तमिळला विंडोजने असं कोडपेज कधी दिलंच नाही. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली आयएससीआयआय हे भारतीय मानक ठरलं होतं, आणि त्या संकेतातल्या देवनागरीचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारं ५७००२ क्रमांकाचं पान विंडोजमध्ये आहेही. पण ते मशीनचं मुख्य कोडपेज म्हणून लावता येत नाही. म्हणजे ‘ए’ प्रतीच्या त्या २५६ जागांत मराठीचं एक अक्षरही सरळ मार्गाने लिहिता येत नव्हतं. लिहिलंच तर प्रश्नचिन्हं उमटत.

एक बाजू इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. आपल्याकडच्या लोकांनी या दारावर हात जोडून वाट पाहिली नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. जिस्टचं कार्ड संगणकात बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची, आणि तिच्या मुळाशी उच्चाराच्या क्रमाने साठवलेला मजकूर असायचा. हा विचार काळाच्या पुढचा होता. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीने छपाईच्या धंद्यात मराठी घरोघर नेली. पण विंडोजचं राज्य आल्यावर दुसऱ्याच्या आखलेल्या अर्जात आपली भाषा बसवायची वेळ आली, आणि अर्जात जागा नव्हती. मग रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीच्या खुणा बसवायच्या, हा मार्ग उरला. खुणा पुरेनात म्हणून अर्ध्या अक्षरांना वेगळी जागा, काना वेगळा, रफार वेगळा, आणि प्रत्येक कंपनीची वाटणी निराळी. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की नुसता कालवा. हे करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यामुळे दहा-बारा वर्षं मराठीत पत्रं, पावत्या, लग्नपत्रिका निघाल्या. दोष त्या रिकाम्या रकान्याचा.

नाशिकमध्ये, आणि बहुधा महाराष्ट्रभर, छोट्या पेढ्यांची नि पतसंस्थांची सॉफ्टवेअरं तेव्हा व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिली जात. १९९८ ची सहावी आवृत्ती तर वर्षानुवर्षं चालली. तिच्यातली विसंगती आजच्या तरुणांना सांगूनही खरी वाटत नाही. तिच्या पोटात प्रत्येक शब्द युनिकोडमध्ये साठवलेला असायचा. पण तिच्या पडद्यावरच्या चौकटी ‘ए’ प्रतीच्या होत्या. आत मराठी शाबूत, दारात आली की प्रश्नचिन्ह. ऑफिसबरोबर येणाऱ्या फॉर्म्स २.० च्या कंट्रोलांना युनिकोड कळायचं, पण ती आपल्या प्रोग्रॅमबरोबर वाटायची परवानगी नव्हती. तेव्हा कंट्रोलच्या गुणधर्मांच्या यादीत फाँटच्या रकान्यात देवनागरी फाँटचं नाव लिहायचं, एवढा एकच उपाय हाताशी होता. गिऱ्हाइकाने नवं मशीन घेतलं आणि त्यात तो फाँट नसला की आख्खी पेढी एका रात्रीत रोमन चिन्हांत बदलायची. सकाळी सातला फोन यायचा.

२००० साल उजाडलं आणि विंडोज २००० बरोबर देवनागरी खऱ्या अर्थाने विंडोजच्या घरात आली. मंगल हा फाँट आला. तो रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या हातचा. आयआयटी मुंबईत अक्षरकला शिकवणाऱ्या या माणसाचं नाव, रोज मंगल वापरणाऱ्या लाखो कारकुनांना माहीत नसेल. युनिस्क्राइब नावाचं एक यंत्रही आलं. व्यंजनं, हलन्त आणि मात्रा यांची सरळ रांग त्याला द्यायची. जोडाक्षर कुठे होतं, वेलांटी कुठे सरकते, रफार कुणाच्या डोक्यावर बसतो हे ते ठरवतं. एक्सपीमध्ये हे यंत्र भारतीय लिप्यांसाठी आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या फाइली घालण्याचा टिकमार्क करावा लागे आणि मूळ सीडी मागितली जाई. ती सीडी काही वर्षं माझ्या बॅगेतून बाहेर निघाली नाही. व्हिस्टापासून ही कटकट संपली.

इथे कस्टम कंट्रोल बनवणाऱ्याची खरी परीक्षा सुरू झाली. विंडोजची स्वतःची चौकट युनिस्क्राइबला आपोआप विचारत होती. पण ज्याने आपली चौकट आपण रंगवायची ठरवलं, त्याने ती बहुधा एकेक अक्षर मोजून रंगवलेली असे, कारण रोमन लिपीत तसं चालतं. अशा चौकटीत ‘प्र’ लिहिलं की प, पाय मोडल्याची खूण आणि र असे तीन तुकडे शेजारी. बाणाची कळ दाबली की कर्सर ‘क्षि’च्या मधोमध. मागे खोडायची कळ दाबली की काय जाईल याचा भरवसा नाही. युनिस्क्राइबमध्ये यासाठी वेगळी सोय आहे: कर्सर कुठे थांबू शकतो आणि कुठे नाही, ते प्रत्येक जागेसाठी विचारता येतं. ती सोय वापरायला चार-पाच दिवस बसावं लागतं. ते दिवस आमच्याकडे कुणी बिलात धरत नसे.

मराठीची म्हणून आणखी एक-दोन दुखणी आहेत, ती हिंदीवाल्यांना सहसा भेटत नाहीत. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातला र पाहा. तो रफार होऊन वर जात नाही, पुढच्या ‘य’ला आडवा बिलगतो. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा र आणि हलन्त अशी वाट आहे. ती न कळलेल्या चौकटीत शेतकऱ्याच्या नावाचा भलताच शब्द होतो. बाजार समितीच्या पावतीवर याहून जास्त वेळा येणारा शब्द कुठला असेल? ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली, स्वतंत्र म्हणून आलं. त्याआधी अ वर चंद्र ठेवून भागवलेलं असे. दोन्ही दिसायला सारखे, साठवायला निराळे. शोधायला गेलं की अर्ध्या नोंदी सापडतात आणि अर्ध्या नाही. हे सगळं ठाऊक आहे की नाही, ते कंट्रोलच्या कुठल्या रकान्यात लिहायचं? जागाच नाही.

रुंदीच्या रकान्याकडे येतो, कारण मराठी तिथे सगळ्यात जास्त चिरडली गेली. अर्जातली रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये नसते, डायलॉग एककात असते. आडवं एकक म्हणजे फाँटमधल्या सरासरी अक्षराच्या रुंदीचा चौथा भाग, उभं एकक म्हणजे उंचीचा आठवा. सरासरी अक्षर कुठलं? रोमन लिपीतली ५२ अक्षरं, २६ मोठी आणि २६ लहान, ओळीने लिहून त्यांच्या लांबीला ५२ ने भागतात. मराठी खिडकीची फूटपट्टीसुद्धा अशी परकी. उंचीत तर हाल विचारू नका. वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. रोमन उंचीवर आखलेल्या बटणात ‘र्कै’ची मात्रा छाटली जायची आणि ‘खू’चा उकार तळाखाली जायचा. मंगलला ओळ आधीच उंच लागते. २०१२ च्या विंडोज ८ बरोबर पडद्यासाठी आखलेला निर्मला यूआय आला तेव्हा हा त्रास पुष्कळ कमी झाला.

पण या सगळ्यावरचा उपाय त्या जुन्या अर्जातच होता, हे मला फार उशिरा उमगलं. शेवटच्या दोन पत्त्यांतला दुसरा. मजकूर, फाँट आणि शैली दिली की कंट्रोल किती रुंद हवं ते मोजून सांगणारं फंक्शन. ते रिकामं ठेवायची मुभा आहे आणि बहुतेक जण ते रिकामंच ठेवत. मीही ठेवलं होतं. आमच्या तालुक्यांच्याच यादीवर हे तपासून पाहण्यासारखं आहे. ‘त्र्यंबकेश्वर’ युनिकोडमध्ये १३ चिन्हांचं होतं: त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क, मात्रा, श, हलन्त, व, र. ‘इगतपुरी’ होतं ७ चिन्हांचं. चिन्हं मोजून रुंदी ठरवणारी चौकट पहिल्याला जवळजवळ दुप्पट जागा देईल. आता तोंडाने म्हणून पाहा: त्र्यं-ब-के-श्व-र, इ-ग-त-पु-री. दोन्ही पाच-पाच अक्षरांची. पडद्यावर दोन्ही थोड्याफार फरकाने सारखी. चिन्हांची संख्या आणि अक्षराची जागा यांचं नातं देवनागरीत तुटलेलं असतं, म्हणून मोजायचं काम ज्याला लिपी कळते त्यानेच केलं पाहिजे, आणि ते काम त्या रिकाम्या पत्त्यावर नेमून दिलेलं होतं. भाषेचा रकाना नसेल, मापाचा होता.

बाकीच्या जगाने हाच दाखला कसा लिहिला ते थोडक्यात पाहू. व्हिज्युअल बेसिकची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्या व्हीबीएक्स कंट्रोलांच्या वर्णनाला मॉडेल नावाचं स्ट्रक्चर होतं आणि त्यात सीसीइन्फोमध्ये नसलेल्या दोन मोठ्या गोष्टी होत्या: गुणधर्मांची यादी आणि घटनांची यादी. कंट्रोल दिसतं कसं एवढंच सांगून ते थांबत नव्हतं, ते काय काय ऐकतं आणि काय काय कळवतं तेही लिहीत होतं. म्हणूनच धंदा त्याच्याकडे गेला. पुढे ओसीएक्स आणि ॲक्टिव्हएक्स आले. त्यांचं वर्णन टाइप लायब्ररीत असतं, आणि तिच्या माथ्यावरच भाषेचा क्रमांक लिहायची सोय आहे. आमच्यापैकी कुणी तिथे ११०२ लिहिल्याचं मला आठवत नाही, सगळीकडे शून्य. व्हिज्युअल सी++ च्या एडिटरने मधल्या काळात सीसीइन्फोकडे पाठच फिरवली. तिथे कस्टम कंट्रोल म्हणजे एक राखाडी चौकोन, त्याच्या वर्गाचं नाव हाताने लिहायचं आणि शैलीचा आकडा सोळाच्या पायाने भरायचा. चालत होतं, पण मागे गेल्यासारखं वाटायचं.

१९९५ च्या डेल्फीने वेगळा अर्जच ठेवला नाही; कंट्रोलच्या कोडमध्येच कुठले गुणधर्म बाहेर दाखवायचे ते लिहायचं आणि एडिटरने ते तिथून वाचायचं. विचार सुंदर होता, पण डेल्फीच्या चौकटींना युनिकोड यायला २००८ उजाडलं. जावाबीन्सचं मला विशेष कौतुक आहे. १९९७ साली त्यांनी प्रत्येक गुणधर्माला दोन नावं दिली, एक कोडसाठी, एक माणसाला दाखवण्यासाठी, आणि दुसरं नाव वापरणाऱ्याच्या भाषेत असावं असं मांडूनच टाकलं. आमच्या वर्णनाच्या रकान्याला हे दोनपण मिळालं असतं तर! २००२ च्या डॉटनेटने डेल्फीची वाट पुढे नेली. कंट्रोलच्या गुणधर्मावर ‘हा अनुवाद करण्याजोगा आहे’ अशी खूण मारता येऊ लागली आणि मराठीच्या शब्दांची वेगळी फाइल जोडता येऊ लागली. खिडकीची मांडणी त्या फाइलीतून भाषेनुसार बदलते, बटणाची रुंदीसुद्धा. क्यूटीच्या डिझायनरला कंट्रोल आपलं नाव, गट, चित्र, सूचना आणि सुरुवातीचा मजकूर फंक्शनांतून सांगतं, आणि त्या सूचना अनुवादाच्या चाळणीतून जाऊ शकतात. दाखला कोरड्या अर्जावरून उठून कंट्रोलच्या अंगाशी आला, असा या सगळ्या प्रवासाचा कल. मला तो योग्य वाटतो, कारण वेगळा अर्ज आणि खरं कंट्रोल यांत काही वर्षांनी तफावत पडतेच.

एक वाचक मात्र या सगळ्यांनी फार उशिरा लक्षात घेतला. दाखला फक्त मांडणी करणारा वाचत नाही. ज्याला दिसत नाही अशा माणसासाठी पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही वाचतो. विंडोजचं बटण वाचक-प्रोग्रॅमला आपण होऊन सांगतं, मी बटण, माझं नाव ‘जतन करा’. आमची हाताने रंगवलेली क्विंटलची चौकट गप्प. तिच्यावर आकडे रंगवलेले असतात, पण वाचणाऱ्याच्या लेखी ती कोरी भिंत. १९९७ पासून विंडोजमध्ये याची सोय होती. कंट्रोलने एका विशिष्ट संदेशाला उत्तर द्यायचं आणि आपलं नाव, भूमिका, किंमत सांगायची. नंतर यूआय ऑटोमेशनने ती सोय आणखी खोल केली. एनव्हीडीए हा मोफत वाचक मराठीही बोलतो. पण चौकट जर फाँटच्या जुन्या खेळावर चालत असेल, तर तो काय बोलणार? रोमन चिन्हांची बडबड. डोळसांना दिसणारी मराठी ही मराठी नव्हतीच, हे ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे लख्ख उघडं पडतं.

आता बहुतेक खिडक्या ब्राउझरमध्ये गेल्या. तिथेही घरची कंट्रोलं बनवता येतात. घटकाच्या नावाची सुरुवात लहान रोमन अक्षराने आणि मध्ये जोडरेघ हवी असा नियम आहे. पुढे मात्र देवनागरी अक्षरं चालतात. भाषेसाठी प्रत्येक घटकावर एक ठरलेला गुणधर्म लिहिता येतो. सीसीइन्फोमध्ये नसलेला रकाना अखेर मिळाला. मिळाला म्हणून तो भरला जातो असं नाही. मराठीतल्या पानांचा माथा उघडून पाहा, भाषा म्हणून ‘इंग्रजी’ लिहिलेलं पुष्कळदा सापडेल. मग वाचक-प्रोग्रॅम इंग्रजी आवाजात मराठी वाचायला निघतो.

डेस्कटॉपवरचं जुनं जग मात्र संपलेलं नाही. काट्याला जोडलेला संगणक, पतसंस्थेचा गल्ला, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली यंत्रं अजून खिडक्यांवरच चालतात. २०१९ साली विंडोज १० ने ‘ए’ प्रतीला यूटीएफ-८ हे कोडपेज लावायची मुभा दिली, म्हणजे ज्या प्रतीत मराठीला कधीच जागा नव्हती तिथे ती आली. पण रकान्यांची मापं तीच राहिली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. ‘त्र्यंबकेश्वर’ ३९ बाइट. वर्णनाचा रकाना ३२ चा, त्यात शेवटचा शून्याला. दहा चिन्हं बसतात आणि पुढचं नाव तुटतं. ‘डब्ल्यू’ प्रतीत तेच नाव १३ खणांत आरामात बसतं. म्हणून आजही कुणी जुनी डीएलएल दुरुस्त करायला आणली तर मी आधी हेच बघतो, अर्ज कुठल्या प्रतीचा आहे.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या पेढीने तोच १९९९ चा प्रोग्रॅम नव्याने लिहून मागितला. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आत त्यांना तो हवा होता. त्या काळात भाजीपाल्याच्या गाड्या वाढतील असा त्यांचा अंदाज. तालुक्यांची चौकट मी पुन्हा हाताने बनवली. तिच्या दाखल्यात वर्णन मराठीत लिहिलं, ‘देवनागरी मजकूर चौकट’, १९ खण. सीसीस्टाइलमधल्या भाषेच्या रकान्यात मराठी. माप घेणारं फंक्शन या वेळी रिकामं ठेवलं नाही. वाचक-प्रोग्रॅम लावून डोळे मिटून यादी एकदा ऐकली. इगतपुरीपासून सुरगाण्यापर्यंत १५ नावं. दिंडोरी पाचवं, निफाड नववं, सिन्नर चौदावं.